लिंबाच्या पानावरची मोडी

लिंबाच्या झाडाची हौस कोणाला नसते? परसदार असले तर विहिरीच्या काठाशी, आणि तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड असले तर गॅलरीतल्या कुंडीत, पण कागदी लिंबाचे एखादे रोप आपण लावतोच. पोह्यांवर पिळायला घरचे लिंबू मिळावे एवढीच बिचारी इच्छा असते. झाड मन लावून वाढते, फुटवे काढते, आणि एके दिवशी घरातील कोणाच्या तरी लक्षात येते, की कोवळ्या पानांवर कोणीतरी काहीतरी लिहून ठेवले आहे.

लिहून ठेवले आहे असेच म्हणावे लागते. चांदीच्या शाईने काढावी तशी एक वळणावळणाची रेघ पानभर हिंडलेली असते. मध्येच ती स्वतःशीच जवळ येते, वळसा घेते, पुन्हा पुढे जाते, पण कोठेही तुटत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेतले जुने कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना बोरू न उचलता लिहिलेली मोडी आठवावी, असे ते अक्षर असते. घरात मग तर्क सुरू होतात. आजी म्हणते, गोगलगाय फिरून गेली. आई म्हणते, ऊन लागले. थोरले चिरंजीव म्हणतात, खत कमी पडले. आणि पान उलटेसुलटे करून पाहूनही लिहिणारा काही सापडत नाही. कारण तो पानावर नसतोच. तो पानाच्या आत असतो.

या लेखकाची ओळख करून घेणे ही नुसती करमणूक नव्हे. आपल्या कुंडीतले चार पान वाकडे झाले तर आपले फारसे बिघडत नाही. परंतु ज्याचे वर्षाचे गणित लिंबाच्या झाडावर बसलेले आहे, त्याला ही लिपी वाचता येणे न येणे यात पुष्कळ अंतर पडते.

पातूरच्या वाटेवर

अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याला लागले म्हणजे घाट चढण्यापूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी पातूर लागते. शेख बाबूंच्या दर्ग्यावरून जुन्या कागदांत या गावाला ‘पातूर शेख बाबू’ असेही म्हटलेले आढळते. गावाजवळ रेणुकामातेची टेकडी आहे आणि कातळात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. येथून बाळापूरच्या दिशेने निघाले की वाडेगाव येते. वऱ्हाडात लिंबाला ‘निंबू’ म्हणतात, आणि वाडेगाव म्हटले की वऱ्हाडी माणसाच्या तोंडी निंबू येतोच, इतके ते या फळासाठी नावाजलेले आहे. बाळापूर आणि पातूर या दोन तालुक्यांत कागदी लिंबाचे बगीचे आहेत, आणि ओलिताची सोय असलेला शेतकरी कपाशी, सोयाबीन, तुरीच्या जोडीला एखादा तुकडा लिंबासाठी राखून ठेवतो.

लिंबाच्या झाडाचा स्वभाव असा, की ते वर्षातून दोन-तीनदा नवी पालवी काढते. तिला बागाईतदार ‘नवती’ म्हणतात. नवतीबरोबर फुले येतात, त्याला ‘बहार’ म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीचा अंबिया, पावसाच्या तोंडावरचा मृग, आणि हस्त नक्षत्राच्या सुमारास येणारा हस्त. यांपैकी हस्त बहाराची फळे ऐन उन्हाळ्यात हाती येतात. त्या दिवसांत रसवंतीपासून रुग्णालयापर्यंत सगळ्यांना लिंबू हवे असते, आणि भाव असा चढतो की गृहिणी लिंबे मोजून घेतात. म्हणून शेतकऱ्याचा डोळा हस्तावर. पण हस्ताची नवती म्हणजे नेमकी आपल्या लेखकाला हवी असलेली कोरी वही!

शेतकरी सकाळी बगीच्यात जातो आणि पाहतो, तर नवतीची पाने चुरगळून कागदाच्या पुंगळीसारखी झालेली. तो तडक तालुक्याच्या गावी कृषी केंद्रात जातो. “भाऊ, निंबूची नवती सारी आकसून राह्यली, फवाराले काही द्या.” दुकानदार फळीवरची बाटली काढून देतो. त्याचीही चूक म्हणता येत नाही. त्याला पान दाखवलेलेच नसते. येथपासून जी गोष्ट सुरू होते तिचा शेवट पुष्कळदा खर्चात आणि पश्चात्तापात होतो. तो का, हे समजण्यासाठी आधी पानाच्या आत शिरले पाहिजे.

पंधरा दिवसांचे आयुष्य

हा लेखक म्हणजे एका इवल्याशा पतंगाची अळी. शेतकरी तिला नागमोडी रेघेवरून ‘नागअळी’ म्हणतात. पुस्तकांत ‘पाने पोखरणारी अळी’ असे नाव असते. पतंग म्हटल्यावर दिव्यावर झडप घालणारा तो गलेलठ्ठ प्राणी डोळ्यांपुढे येत असेल तर तो दूर सारा. हा पतंग पंख पूर्ण पसरून बसला तरी चार-पाच मिलिमीटरच्या पलीकडे जात नाही. तांदळाची कणी टेबलावर ठेवली आणि तिला पंख फुटले, तर जेवढी दिसेल तेवढाच. पण भिंग लावून पाहिले तर रूप असे, की पैठणीच्या काठाने लाजावे. पुढचे पंख रुपेरी पांढरे, त्यांवर बदामी रेघा, आणि प्रत्येक पंखाच्या टोकाला काजळाचा एकेक ठिपका. कडेने केसांची लांब झालर.

संध्याकाळ झाली की मादी अंडी घालायला निघते. तिची निवड अतिशय चोखंदळ असते. जून, जाड पानाकडे ती ढुंकूनही पाहत नाही. नुकते उलगडू लागलेले, बोटाच्या पेराएवढे पान तिला हवे. अशा पानाच्या बहुधा खालच्या बाजूला, मधल्या शिरेजवळ ती एकेक अंडे चिकटवते. अंडे असते दवाच्या थेंबासारखे, आरपार दिसणारे. नुसत्या डोळ्याला ते सापडणे कठीणच. उन्हाळी हवेत दोन-तीन दिवसांत अंडे फुटते, आणि मौज अशी, की अळी बाहेर उघड्यावर येतच नाही. अंड्याच्या तळाशी पानच असते. ती तेथूनच थेट पानात उतरते.

पानाला वर आणि खाली अशी पातळ कातडी असते, आणि दोन्हींच्या मध्ये हिरवा गर असतो. लिंबाचे मोठे फुलपाखरू आपण पाहिले आहे. त्याची अळी म्हशीसारखी पान कडेने चरत जाते. आपल्या नागअळीला ते जमणारे नाही. ती गराला हातही लावत नाही. ती फक्त कातडीच्या पेशी फोडते आणि त्यांतला रस पिते. तिला पाय नाहीत, अंग चपटे, आणि तोंडाची ठेवण कात्रीसारखी. आडवे पडून, डोके एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हलवीत ती पुढे सरकते. मागे कातडीचा पापुद्रा सुटा होतो, त्याखाली हवा शिरते, आणि त्या हवेमुळे रेघ चांदीसारखी चमकते. रेघेच्या मधोमध जी काळसर बारीक ओळ दिसते ती तिची विष्ठा. म्हणजे ती जे खाते त्याचा मार्ग आणि जे टाकते त्याची नोंद, दोन्ही एकाच ओळीत!

सुरुवातीची रेघ धाग्यासारखी बारीक असते, कारण लिहिणारी लहान असते. अळी वाढते तशी रेघ रुंदावते. म्हणून कोणतेही पान हाती घ्या. बारीक टोक म्हणजे जन्मस्थान आणि रुंद टोक म्हणजे शेवटचा मुक्काम. एका पानातून दुसऱ्या पानात जाण्याची या अळीला मुभा नाही. जे पान आईने निवडून दिले त्यातच सगळे आयुष्य काढायचे. तीनदा कात टाकून तीन मिलिमीटरएवढी झाली, की ती पानाच्या कडेला येते आणि खाणे थांबवते. मग ती रेशमाचे धागे काढते. धागे वाळताना आखडतात आणि पानाची कडा तिच्यावर दुमडते. त्या घडीत तिचा कोष होतो. शेतकऱ्याला आकसलेले पान दिसते, ते हे. आठवडाभराने पहाटेच्या सुमारास त्या घडीतून नवा रुपेरी पतंग बाहेर पडतो. हवा उबदार असेल तर अंड्यापासून पतंगापर्यंतचा सारा प्रवास पंधरा दिवस ते तीन आठवड्यांत आटोपतो. वर्षातून अशा कितीतरी पिढ्या होऊन जातात.

चिमुकल्या नातींचे घराणे

पानात राहून पान पोखरणाऱ्या पतंगांचे हे एकटेच घराणे नाही. काजूच्या पानांवर फोड उठवणारी अळी कोकणच्या मंडळींना ठाऊक असेल. भुईमुगाची आणि सोयाबीनची पाने पोखरून गुंडाळणारी अळी वऱ्हाडातही आहे. यांतली काही घराणी मोठी, तर काही अगदी छोटी. जगातले सर्वांत लहान पतंग ज्या घराण्यात येतात त्याचे नाव ‘नेप्टिक्युलिडी’. उच्चाराला अवघड वाटते, पण अर्थ मोठा गोड आहे. लॅटिन भाषेत नेप्टिस म्हणजे नात, आणि नेप्टिक्युला म्हणजे चिमुकली नात. पतंगांच्या विस्तीर्ण गोतावळ्यात सर्वांत धाकटी म्हणून हे नाव! यांतल्या काहींचे पंख पसरून जेमतेम तीन मिलिमीटर भरतात.

आपल्या नागअळीच्या पतंगाचे नाव ‘फिलॉक्निस्टिस सिट्रेला’. ग्रीक भाषेत फिलॉन म्हणजे पान. तेव्हा पान खरवडणारी असा पहिल्या शब्दाचा अर्थ. सिट्रेला म्हणजे लिंबू-संत्र्याच्या कुळाची. एके काळी शास्त्रज्ञ या खरवडणाऱ्यांचे स्वतंत्र छोटेखानी घराणे मानीत. पुढे बारकाईने तपासणी झाली आणि ते सुमारे दोन हजार जातींच्या ‘ग्रॅसिलॅरिडी’ नावाच्या मोठ्या घराण्यात सामील करण्यात आले. एकत्र कुटुंबे फुटण्याच्या काळात हे छोटे कुटुंब मात्र एकत्र झाले म्हणायचे.

या पतंगाला शास्त्राच्या वहीत प्रथम स्थान मिळाले ते 1856 साली, आणि त्याचे नमुने गेले होते आपल्याच देशातून, कोलकात्याहून. नाव ठेवले हेन्री टिबट्स स्टेन्टन या इंग्रज गृहस्थाने. या एकाच माणसाने बारीक पतंगांवर 1855 ते 1873 या काळात तेरा खंडांचा ग्रंथ काढला, आणि तोही इंग्रजी, फ्रेंच, जर्मन व लॅटिन अशा चार भाषांत एकाच वेळी! त्यानंतर एडवर्ड मेरिक हा शाळामास्तर आला. इंग्लंडातल्या मार्लबरो येथील शाळेत शिकवून उरलेल्या वेळात त्याने जगभरच्या हजारो बारीक पतंगांची वर्णने लिहिली. आणि भारतातले नमुने त्याच्याकडे धाडणाऱ्यांत एक होते टॉमस बेनब्रिग फ्लेचर. बिहारमधील पुसा येथे सरकारी कीटकशास्त्रज्ञ म्हणून काम करताना ते अळ्या पाळीत, कोणती अळी कोणत्या पानात कशी राहते याची नोंद ठेवीत. 1920 साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथात अशा नोंदी शेकड्यांनी आहेत. डोळ्याला धड न दिसणाऱ्या जीवासाठी माणसांनी आयुष्ये वेचली, ती वेडापायी खरी; पण आज पातूरच्या बगीच्यात काय करावे हे सांगता येते ते त्या वेडामुळेच.

लेण्यांच्याही आधीची अक्षरे

पातूरची लेणी पाहून आपण म्हणतो, केवढी जुनी! ती ज्या काळ्या कातळात कोरली आहेत तो कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनभर जे लाव्ह्याचे लोट वाहिले, त्यांचा तो भाग. वऱ्हाडची कापूस पिकवणारी काळी जमीनही त्याच दगडाची माती.

आता गंमत पाहा. अमेरिकेत सुमारे 9 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीची पाने दगडात जपली गेलेली सापडली आहेत. त्या पानांवर नागमोडी रेघा आहेत. 1994 साली शास्त्रज्ञांनी त्या बारकाईने वाचल्या, आणि त्यांत चिमुकल्या नातींच्या आणि आपल्या फिलॉक्निस्टिसच्या गोतातल्या अळ्यांचे वळण ओळखले. सुरुवातीची बारीक रेघ, मधली विष्ठेची ओळ, वळणे घेण्याची रीत, सारे तेच! म्हणजे पातूरचा कातळ ज्या लाव्ह्याचा झाला तो वाहण्याच्या तीन कोटी वर्षे आधी, जमिनीवर डायनासोर हिंडत असताना, पानापानांत हे लेखन चालू होते. डायनासोर गेले, हे राहिले. छोटे असणे आणि कमी जागेत भागवणे यात केवढे सामर्थ्य आहे, हे तीन खोल्यांत संसार करणाऱ्या आपल्यासारख्यांना निराळे सांगायला नको.

खरे दुखणे कोठे आहे

इतका जुना आणि इतका सुंदर जीव. मग शेतकऱ्याने त्याची भीती का बाळगावी? येथे नीट समजून घेण्यासारखी गोष्ट आहे.

मोठे, फळावर आलेले लिंबाचे झाड नागअळीने मरत नाही. अळी कातडी खाते, गर शाबूत ठेवते. पान वाकडे होते, पण हिरवे राहते आणि आपले काम बऱ्यापैकी करीत राहते. शिवाय झाडावर आधीची जून पाने पुष्कळ असतात, त्यांना ती शिवत नाही. तेव्हा भरल्या झाडावर थोड्या आकसलेल्या पानांचे दुःख फार करू नये.

रोपवाटिकेतल्या रोपाची आणि पहिल्या तीन-चार वर्षांतल्या झाडाची गोष्ट वेगळी. त्याच्याजवळ पानेच थोडी, आणि तीही बहुतेक नवी. लिंबाचे रोप लावल्यापासून फळ दिसायला चार-पाच वर्षे लागतात. तेवढ्या काळात शेतकरी नुसता खर्च करीत असतो. त्या कोवळ्या वयात नवती वारंवार चुरगळली तर झाडाची वाढ खुंटते.

पण दोघांनाही, लहानाला आणि मोठ्याला, जी खरी धास्ती आहे ती अळीची नव्हे. तिने उघड्या ठेवलेल्या दाराची आहे. लिंबावर ‘खैऱ्या’ नावाचा रोग पडतो. एका जिवाणूमुळे पानांवर, फांद्यांवर आणि फळांवर खरखरीत, खैराच्या रंगाचे उंचवटे येतात, भोवती पिवळे वलय उमटते. फळ आतून चांगले असले तरी बाजारात त्याला कोणी हात लावीत नाही. कागदी लिंबू या रोगाला फार लवकर बळी पडते. संत्रा त्या मानाने पुष्कळ टिकाव धरतो. पावसाच्या थेंबांबरोबर आणि वाऱ्याबरोबर हा जिवाणू पानापानांवर उडतो. धडधाकट पानाची कातडी त्याला बरीचशी अडवते. पण जेथे अळीने पापुद्रा सोडवला आहे तेथे आतला ओला गर उघडा पडतो. ती जखम लवकर भरून येत नाही. जिवाणूला आयतेच घर मिळते. म्हणून पावसाळ्यात नागमोडी रेघेच्या काठाने खैऱ्याचे ठिपके ओळीने उठलेले दिसतात.

याचा धडा अमेरिकेला फार महागात पडला. 1993 साली आपली ही आशियाई नागअळी फ्लोरिडा राज्यात पोहोचली आणि थोड्याच काळात तेथल्या सर्व बागांत पसरली. 1995 साली त्याच राज्यात, मायामी शहराच्या परिसरात खैऱ्या सापडला. तेथे उघड्या दारांना तोटा नव्हताच. रोग निपटून काढण्यासाठी सरकारने झाडे तोडण्याची मोहीम काढली. लोकांच्या परसातली निरोगी दिसणारी झाडेसुद्धा सुटली नाहीत, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. एक कोटीहून अधिक झाडे गेली. 2004 आणि 2005 च्या चक्रीवादळांनी रोग आणखी दूर उडवला, आणि 2006 च्या जानेवारीत ती मोहीम सोडून देण्यात आली.

बाटलीतले औषध आणि पानातले मित्र

आता आपण कृषी केंद्रातून निघालेल्या त्या बाटलीकडे परत वळू. आकसलेले पान पाहून फवारणी केली तर काय होते? पहिली गोष्ट, अळी पापुद्र्याखाली सुरक्षित असते. अंगावर पडणारे औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. दुसरी, पान आकसले याचा अर्थ अळीचे खाणे संपले, ती कोषात गेली. घोडे पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप लावण्यातलाच हा प्रकार. आणि तिसरी गोष्ट सर्वांत नुकसानीची. औषध पोहोचते ते उघड्यावर हिंडणाऱ्या नागअळीच्या शत्रूंपर्यंत.

हे शत्रू म्हणजे शेतकऱ्याचे बिनपगारी नोकर. जाळीदार हिरव्या पंखांच्या क्रायसोपाची पिले, मुंग्या आणि कोळी अळ्या वेचून खातात. पण खरी कामगिरी एका तऱ्हेच्या गांधीलमाश्यांची. गांधीलमाशी म्हटल्यावर घाबरू नका. या माश्या आकाराने बाजरीच्या दाण्याहूनही लहान असतात आणि माणसाला चावत नाहीत. त्यांची मादी पापुद्र्यातून बरोबर अळीचा ठाव घेते आणि अंडे घालते. तिचे पिलू अळीवर वाढते, अळी संपते, आणि त्या बोगद्यातून पतंगाऐवजी गांधीलमाशी बाहेर पडते.

फ्लोरिडात नागअळी अशी बेफाम का वाढली? कारण ती एकटी गेली. तिचे जुने वैरी मागे राहिले. तेथल्या शास्त्रज्ञांनी शेवटी तेच केले. मूळच्या आग्नेय आशियातल्या एका गांधीलमाशीला ऑस्ट्रेलियाने आधीच आणवले होते, तेथून ती 1994 साली फ्लोरिडात नेऊन सोडली. हिचे वैशिष्ट्य असे, की एका अंड्यातून एकच नव्हे, अनेक भावंडे जन्माला येतात! स्पेनमध्येही 1993 पासून नागअळीने उच्छाद मांडला होता. तेथे कामी आली आणखी एक आशियाई गांधीलमाशी, जिचे शास्त्रीय वर्णन 1960 साली नारायणन या भारतीय कीटकशास्त्रज्ञांनी केले होते. भूमध्य समुद्राकाठच्या संत्र्याच्या बागांत आज ती ठाण मांडून आहे.

परदेशी लोक ज्या माश्यांसाठी एवढी यातायात करतात त्यांचे भाईबंद आपल्या बगीच्यांत फुकट नांदत आहेत. आणि आपण एका बाटलीसरशी त्यांना निकालात काढतो. मग पुढच्या नवतीला अळी दुप्पट येते, कारण तिला अडवणारे कोणी उरत नाही. शेतकरी दुसरी बाटली आणतो.

उलट दिशेचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जशी आपली नागअळी अमेरिकेला गेली तशी दक्षिण अमेरिकेतली टोमॅटोची पाने आणि फळे पोखरणारी पतंगाची अळी, ‘टुटा’ तिचे नाव, 2014 साली महाराष्ट्रात पुण्याकडे सापडली आणि पुढे देशभर पसरली. तिच्याबरोबर तिचे वैरी आले नव्हते. जहाजे आणि विमाने आता इतकी झाली आहेत, की पानात बसून जग फिरणे अळीला अवघड राहिलेले नाही. बाहेरगावाहून कलम किंवा रोप पिशवीत घालून आणताना हे ध्यानात ठेवावे.

पान वाचून मग पाऊल

मग करावे तरी काय? जाणत्या बागाईतदारांची आणि कृषी शास्त्रज्ञांची रीत थोडक्यात अशी आहे. अकोल्याला 1969 पासून कृषी विद्यापीठ आहे, आणि नागपूरला 1985 पासून खास लिंबू-संत्र्याच्या संशोधनाची संस्था आहे. पातूरच्या शेतकऱ्याला दोन्ही परकी नाहीत.

पहिले, नवती फुटू लागली की पान आकसण्याची वाट न पाहता कोवळी पाने उलटून पाहावी. रेघ धाग्याएवढी बारीक आहे तोवरच उपाय करण्यात अर्थ असतो. रोपवाटिकेत आणि लहान झाडांवर त्या वेळी पाच टक्के निंबोळी अर्क फवारता येतो. कडुनिंब वऱ्हाडात बांधोबांधी आहे, आणि निंबोळ्या गोळा करायला पैसे पडत नाहीत. दुसरे, झाडाला नत्राचा आणि पाण्याचा मारा करून अवेळी नवती काढू नये. सारी पालवी एकदम आली तर ती लवकर जून होते. थोडी थोडी येत राहिली तर अळीला बारमाही अन्नछत्र मिळते. म्हणूनच खोडातून जोमाने सरळ वर जाणारे, फळ न देणारे जे फुटवे असतात, ज्यांना पानसोट म्हणतात, ते वेळीच काढावे. तिसरे, खैऱ्याने पछाडलेल्या फांद्या कोरड्या हवेत छाटून जाळाव्यात, म्हणजे दार उघडे राहिले तरी आत शिरणारा चोर कमी होतो. चौथे, फळावरच्या झाडावर थोडी आकसलेली पाने दिसली तर हात आवरावा. आणि कृषी केंद्रात जायचे झाले तर चार पाने खिशात घालून न्यावीत. दुकानदाराला ती दाखवल्याशिवाय बाटली मागू नये.

शास्त्रज्ञांनी आणखी एक युक्ती शोधली आहे. मादी पतंग रात्री नराला बोलावते ती एका गंधाने. हा गंध कोणत्या द्रव्यांचा आहे हे 2006 साली पक्के कळले. आता त्या गंधाने नरांना सापळ्यात ओढून पतंग कधी वाढले याचा अंदाज घेता येतो. आणि सगळ्या बागेत तोच गंध पसरवला तर नर भांबावतात, त्यांना मादी सापडतच नाही. विषाचा थेंबही न वापरता लग्ने मोडण्याचा हा उद्योग परदेशांतल्या बागांत चालू आहे.

आपल्या कुंडीतल्या झाडासाठी तर कशाचीच गरज नाही. घरात मुले असतील तर या सुटीत त्यांना दहा-वीस रुपयांचे भिंग आणून द्या. रेघ असलेले पान झाडावरच ठेवून उन्हाच्या दिशेने धरायला सांगा. बारीक टोकापासून रेघेवर बोट फिरवीत रुंद टोकापर्यंत जायचे. तेथे पिवळसर, चपटी अळी डोके हलवीत असेल तर लेखन चालू आहे. कडा दुमडलेली असेल तर आत कोष आहे. ते पान देठासकट एका काचेच्या बाटलीत ठेवून तोंडाला मलमल बांधा. आठवड्याभरात एखाद्या पहाटे बाटलीत काहीतरी हलेल. पंखांच्या टोकाला काजळाचा ठिपका असलेला रुपेरी जीव दिसला, तर तो कोलकात्याहून स्टेन्टनकडे गेलेल्या पतंगांचा वंशज. त्याऐवजी काळी, बारीक, भिरभिरणारी माशी निघाली, तर मलमल सोडून तिला लिंबाच्या झाडावर नेऊन सोडा. तिचे तेथे काम आहे.